ऑफिसच्या प्रॉक्सीमागे: रिक्वेस्ट्स, जावा की कर्ल?

ऑफिसचा प्रॉक्सी म्हणजे आतून इंटरनेटकडे जाणारी प्रत्येक विनंती ज्याच्यातून जाते तो मधला सर्व्हर. तो युझरनेम-पासवर्ड मागतो, तेव्हा प्रोग्रॅममधून वेबवर विनंत्या पाठवायला कोणतं साधन घ्यावं? आधी निकाल सांगतो. प्रॉक्सी साधं बेसिक (ओळख पटवण्याची सर्वांत सोपी पद्धत) मागत असेल तर पायथनची रिक्वेस्ट्स ही लायब्ररी घ्या. एनटीएलएम (मायक्रोसॉफ्टची ओळख पटवण्याची पद्धत) मागत असेल तर सरळ कर्ल हे कमांड लाइनचं साधन, किंवा तुमच्या भाषेतून त्याची लायब्ररी लिबकर्ल. जावा ज्यांच्या गळ्यात आधीच आहे, त्यांच्यासाठीच.

प्रॉक्सी काय मागतोय ते ४०७ (‘आधी प्रॉक्सीला ओळख पटवा’ असं सांगणारा स्टेटस कोड) सोबत येणाऱ्या प्रॉक्सी-ऑथेंटिकेट हेडरमध्ये, म्हणजे उत्तरासोबतच्या माहितीच्या ओळीत, दिसतं. ४०१ आला तर प्रश्न प्रॉक्सीचा नसून पलीकडच्या सर्व्हरचा. ही गल्लत महागात पडते: प्रॉक्सीचा पासवर्ड चुकून सर्व्हरसाठी असलेल्या ऑथरायझेशन हेडरमध्ये घातला, तर तो थेट बाहेरच्या सर्व्हरच्या हाती.

रिक्वेस्ट्समध्ये युझरनेम-पासवर्ड प्रॉक्सीच्या यूआरएलमध्येच टाकता येतो. सोपं वाटतं, पण मी यात एक अख्खी दुपार घालवली आहे. पासवर्डमध्ये @ होता, आणि त्याच्या पुढचा भाग होस्टचं नाव समजला जात होता. @ च्या जागी %40 लिहिल्यावर गाडी सुरू झाली. दुसरी गोष्ट: एचटीटीपीएसला आधी प्रॉक्सीकडे कनेक्ट रिक्वेस्ट (पलीकडच्या सर्व्हरपर्यंत टनेल, म्हणजे थेट वाट, उघडून द्या अशी विनंती) जाते, ४०७ तिथेच येतो. त्यामुळे तुमच्या हातात रिस्पॉन्स येतच नाही, येतो तो प्रॉक्सी-एरर. स्टेटस कोड ४०७ आहे का हे तपासणारा तुमचा इफ तिथे कधी चालणारच नाही. आणि होम फोल्डरमध्ये नेटआरसी फाइल (होस्टनुसार लॉगिन साठवणारी) पडलेली असेल, तिच्यात त्या होस्टची नोंद असेल, तर हाताने लिहिलेला टोकनचा हेडर गुपचूप बदलला जातो. एनटीएलएम तर रिक्वेस्ट्समध्ये मुळातच नाही.

रचनेच्या बाबतीत जावा मला सगळ्यात आवडतं. ऑथेंटिकेटर क्लासला विचारणा होते तेव्हाच समजतं, मागणारा प्रॉक्सी आहे की सर्व्हर. एकाच ठिकाणी दोन उत्तरं वेगळी ठेवता येतात. पण २०१६ मध्ये आलेल्या जावाच्या ८यू१११ अपडेटपासून एचटीटीपीएसच्या टनेलसाठी बेसिक मुळातच बंद असतं. कारण रास्त आहे, बेसिक म्हणजे नुसतं बेस६४ (पासवर्ड फक्त वेगळ्या अक्षरांत लिहिणं, गुप्त करणं नव्हे), कुणीही उलगडावं. पण ज्याला हे माहीत नाही तो बरोबर पासवर्ड देऊनही ४०७ पाहत बसतो. टनेलिंगच्या डिसेबल्ड स्कीम्सची सिस्टिम प्रॉपर्टी रिकामी ठेवून प्रोग्रॅम सुरू करावा लागतो. शिवाय जावा ११ चा नवा एचटीटीपी क्लायंट आपणहून फक्त बेसिक जाणतो.

कर्लमध्ये लहान यू (-u) हा पर्याय सर्व्हरच्या युझरनेम-पासवर्डसाठी, कॅपिटल यू (-U) प्रॉक्सीच्या. प्रॉक्सी-एनीऑथ हा पर्याय दिला की प्रॉक्सी देऊ करतो त्यातली सर्वांत सुरक्षित पद्धत कर्ल स्वतः निवडतं. बदल्यात एक जादा फेरी. पासवर्ड कमांड लाइनवर नको, कॉन्फिग फाइलमध्ये ठेवा. फक्त कामाला लागण्याआधी कर्लची व्हर्जन कमांड चालवून फीचर्सच्या ओळीत एनटीएलएम आहे ना ते बघा, प्रत्येक बिल्डमध्ये ते असतंच असं नाही.