बत्तीस इंची कॅरम: मे महिन्यापुरता आणला, सात महिने झाले

एप्रिलच्या शेवटी सोसायटीच्या ग्रुपवर उन्हाळी शिबिराची जाहिरात आली. दहा दिवस, रोज दोन तास, एका मुलाचे ३,५०० रुपये. आमच्याकडे मोठी अकराची आणि धाकटा सातचा, म्हणजे सात हजार घालवून अकराव्या दिवशी पुन्हा "आता काय करू?" आहेच. मी आणि नवरा दोघंही लोकल पकडून मुंबईला जाणारे. घरी उरतात आजी, नाना आणि टीव्हीचा रिमोट. बदलापूरच्या उन्हात दुपारी पोरांना बाहेर कुठे पाठवणार? नानांनीच तोडगा काढला. "कॅरम आणा. पण आणायचा तर मोठा आणा."

दुकानात २६ इंची ११०० ला होता. ३२ इंचीचे दोन प्रकार: पातळ प्लायचा १४५० ला आणि ८ मिलिमीटर प्लायचा २३०० ला. माझा हात अर्थातच मधल्याकडे गेला. नानांनी दुकानदाराकडून स्ट्रायकर मागून घेतला, पातळ बोर्डावर जोरात मारला. दीड फेरीत थांबला. जाड बोर्डावर तोच स्ट्रायकर समोर आदळून परत, पुन्हा समोर, पुन्हा परत. स्पर्धेच्या बोर्डावर म्हणे १५ ग्रॅमचा स्ट्रायकर साडेतीन फेऱ्या गेला पाहिजे. आमचा तीनच्या आसपास गेला, आणि मी २३०० मोजले. बोर्डासोबत मिळालेला प्लॅस्टिकचा स्ट्रायकर इतका हलका की सोंगटीला लागून तोच मागे यायचा, त्यामुळे १८० चा वेगळा घेतला. पावडरीच्या दोन डब्यांचे ८०. सात महिन्यांचा एकूण खर्च २,५६० रुपये. सरबत आणि पोहे यात धरलेले नाहीत, त्याबद्दल पुढे येतेच.

पहिले चार दिवस मला वाटलं, पैसे पाण्यात गेले. धाकट्याचा हात पुरेना, मोठीला नेम लागेना, दोघं दहा मिनिटांत उठून टीव्हीकडे. नुसता कॅरम आणून मांडला म्हणून मुलं खेळत नाहीत, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. नाना स्वतः बसायला लागले तेव्हा गाडी रुळावर आली. स्ट्रायकर दोन्ही रेघांना टेकला पाहिजे, टोकाचा लाल गोल एकतर पूर्ण झाकायचा नाहीतर अजिबात शिवायचा नाही, राणी घेतली की लगेच कव्हर, म्हणजे पाठोपाठ आपली एक सोंगटी घ्यायची, नाहीतर राणी परत मधे. नियम कडक केले तशी मुलांना उलट गोडी लागली. धाकट्याला मात्र उशीवर बसायची सूट.

तो सातचा असल्यामुळे सुरुवात पैशांच्या कॅरमपासून केली, आम्ही लहानपणी खेळायचो तो. काळी दहाची, पांढरी वीसची, राणी पन्नासची. नऊ काळ्यांचे ९०, नऊ पांढऱ्यांचे १८०, राणीचे ५०, मिळून ३२०. डाव संपला की सगळ्यांची बेरीज ३२० आली पाहिजे, हा नियम मोठीने केला. एकदा ३०० भरले. अर्धा तास शोधून पांढरी सोंगटी फ्रीजखाली सापडली. पहिलीत बोटं मोजणारा माझा मुलगा मे संपेपर्यंत "माझे एकशे तीस, म्हणजे दीदीचे एकशे नव्वद" असं न विचारता सांगायला लागला. गणिताची वही आणली असती तर त्याने तिची विमानं केली असती.

पावडरीबद्दल नीट लिहिते, कारण दुकानात कुणी बोलत नाही. कॅरमची पावडर बहुतेक बोरिकची असते. तीच, जिच्या कणकेत गोळ्या करून आपण झुरळांसाठी ओट्याखाली ठेवतो. पोटात जाता कामा नये. आमच्या घरी नियम असा की डबा वरच्या फळीवर, पावडर मोठ्यांनीच टाकायची आणि खेळून उठलं की साबणाने हात धुतल्याशिवाय खाण्याला हात लावायचा नाही. रांगतं मूल घरात असेल तर थोडं थांबा. तोंडाला लावायच्या टाल्कम पावडरीने मे महिन्यात भागतं, पण पहिल्या पावसात तिचा चिकटा होतो. आणि बोर्ड ओल्या फडक्याने पुसू नका. मी पुसला होता.

तक्रारी आहेतच. दुसऱ्या महिन्यात एका कोपऱ्याच्या जाळीचे दोरे सुटले. आजीने क्रोशाच्या सुईने नवी विणून दिली, आता तो एकच खिसा गुलाबी आहे. चौकटीचा एक सांधा उकलला, त्याला फेव्हिकॉल लावून रात्रभर दोरीने आवळून ठेवला. सर्वांत मोठी चूक माझी. जूनमध्ये शाळा सुरू झाली तसा बोर्ड कपाटामागे तिरका उभा केला. जुलैत काढला तर मधे पोट आलेलं, हळू मारलेला स्ट्रायकर कडेला घरंगळायचा. तेव्हापासून तो दिवाणाखाली आडवा, पालथा असतो. बरंचसं पोट गेलं, सगळं नाही. पावसाळी ओलीवर नानांचा उपाय: छताला वायर लावून जुना साठ वॅटचा पिवळा बल्ब बोर्डाच्या बरोबर वर. मंडळांच्या कॅरमवर दिवे तसे का लटकतात ते मला तेव्हा कळलं. सावली पडत नाही आणि बोर्ड कोरडा राहतो. एलईडीचा उजेड पडतो, पण त्याला ऊब नाही.

आवाजाचं म्हणाल तर खालच्या काकू दोनदा वर आल्या. स्टुलाऐवजी जुन्या गोधडीची घडी घालून त्यावर बोर्ड ठेवला, तेव्हा त्या तिसऱ्यांदा आल्या त्या खेळायला.

चौघांनाही खेळता येत असल्याने रोज शेजारची दोन पोरं यायची. त्यांचं लिंबू सरबत, त्यांचे पोहे, त्यांची भांडणं. "कोपर लागलं", "नाही लागलं" यावरून आठवडाभर अबोला झालेला मी पाहिला आहे. पण टीव्ही दुपारी बंद राहिला, आणि त्यासाठी मला एकदाही ओरडावं लागलं नाही.

ऑगस्ट-सप्टेंबरात मुलांनी बोर्डाकडे बघितलंही नाही. मग दिवाळीच्या सुट्टीत मोठीने चेन्नईच्या एम. काझिमाचे व्हिडिओ पाहिले. रिक्षाचालकाची मुलगी, २०२४ मध्ये अमेरिकेतल्या विश्वचषकात तीन सुवर्णपदकं. आता हिला अंगठ्याने मागे मारायचं शिकायचंय, आणि नानांना ते जमत नाही.

जागा असेल तर ३२ इंचीच घ्या, पैसे प्लायच्या जाडीवर घाला आणि सोंगट्यांचा एक जादा संच घेऊन ठेवा. आमच्या दोन काळ्या सध्या गायब असल्याने बेरीज ३०० वर आली आहे. तारे देताना एक कमी देते तो बोर्डाला आलेल्या पोटासाठी, त्यातही अर्धा दोष माझाच.

सध्या शाळेच्या वेळेत बोर्ड आजी-नानांकडे असतो. आजी म्हणायच्या, मला नाही बाई जमत. परवा मी लवकर घरी आले तर राणी त्यांच्या पुढ्यात होती, कव्हरसकट, आणि नाना पावडर कमी पडली म्हणून कुरकुरत होते.