पाच हजार मीटरवर करवत कोणती न्यावी: पेट्रोलची, बॅटरीची की जनरेटरवरची?

लडाखमध्ये साडेचार ते साडेपाच हजार मीटर उंचीवर बर्फ किंवा लाकूड कापण्यासाठी चेनसॉ, म्हणजे यंत्रावर फिरणाऱ्या साखळीची करवत, निवडायची असेल, तर पुण्यात किंवा मुंबईत दुकानदाराने दाखवलेल्या किलोवॉटच्या आकड्यावर निर्णय घेता येत नाही. तो आकडा समुद्रसपाटीजवळच्या हवेतला असतो. पाच हजार मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे 60 टक्के उरते आणि सहा हजार मीटरवर ती 54 टक्क्यांवर येते. त्यामुळे खाली 3 किलोवॉट देणारी पन्नास सीसीची पेट्रोल करवत पाच हजार मीटरवर, हवा-पेट्रोलचे मिश्रण अगदी अचूक जुळवले तरी, पावणेदोन किलोवॉटच्या आसपास येऊन थांबते. मध्यम आकाराची बॅटरीची करवत खालीही साधारण तेवढीच ताकद देते आणि वर गेल्यावर ती कमी होत नाही, कारण तिच्या मोटरला प्राणवायू लागतच नाही. पेट्रोल म्हणजे ताकद हे खाली खरे असलेले समीकरण या उंचीवर लागू पडत नाही, आणि निवड इथूनच सुरू करावी.

पेट्रोल करवतीचे दुखणे केवळ ताकद घटण्याचे नाही. साध्या कार्बुरेटरमध्ये, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागात, हवा विरळ झाली की पेट्रोल त्याच प्रमाणात कमी होत नाही. हवेचे वजन घनतेच्या प्रमाणात घटते, तर पेट्रोलचे वजन घनतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. म्हणून पाच हजार मीटरवर मिश्रण जवळजवळ 30 टक्के जास्त गर्द, म्हणजे पेट्रोल जास्त असलेले, होते. प्लग काळा पडतो, धूर वाढतो आणि भार येताच इंजिन दम टाकते. उपाय म्हणून पूर्ण वेगातले पेट्रोल ठरवणारा ‘एच’ स्क्रू घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, एका वेळी फेरीचा आठवा भाग, असा थोडाथोडा आवळावा लागतो. अनेक नव्या करवतींच्या स्क्रूवर मर्यादा घालणारी टोपी असते आणि ती हवे तेवढे फिरू देत नाही. अशी करवत या उंचीसाठी घेऊच नये.

स्टील (Stihl) कंपनीची एम-ट्रॉनिक किंवा हस्कवर्ना कंपनीची ऑटोट्यून यांसारखी स्वयंचलित व्यवस्था असलेली करवत महाग पडते, पण इलेक्ट्रॉनिक झडपेने ती मिश्रण आपणहून जुळवून घेते. तिच्याकडून अपेक्षा मात्र तेवढीच ठेवावी. बिघडलेले मिश्रण ती सुधारते, पण हरवलेली हवा परत आणत नाही.

विमानांनी हा प्रश्न कसा सोडवला हे पाहिले, की करवतीची मर्यादा अधिक स्पष्ट होते. 24 मे 1948 रोजी हवाई दलाचे मेहर सिंग यांनी लेहच्या कच्च्या धावपट्टीवर डकोटा विमान उतरवले, त्याच्या पिस्टन इंजिनांना हवा दाबून भरणारा सुपरचार्जर होता, आणि अशा विमानांत मिश्रण विरळ करण्याची दांडी वैमानिकाच्या हाताशी असते. सियाचीनची चौक्या-ठाणी ज्याच्या जिवावर टिकली, त्या चीता हेलिकॉप्टरचा मार्ग वेगळा आहे. त्याचे आर्टूस्त टर्बाइन इंजिन मुळात 649 किलोवॉटचे असून ते 410 किलोवॉटलाच बांधून ठेवलेले आहे. हवा विरळ होत जाते तशी ही राखीव ताकद खर्ची पडते आणि पंख्याला मिळणारी ताकद बऱ्याच उंचीपर्यंत तेवढीच राहते. याच जातीच्या लामा हेलिकॉप्टरने 1972 मध्ये वैमानिक ज्याँ बूले यांच्या हाती 12,442 मीटर गाठले. त्या टोकाला इंजिन विझले आणि ते इंजिनाविना फिरत्या पंख्यावर खाली आले. हेलिकॉप्टरला विरळ हवेचा मार दुहेरी बसतो, इंजिनालाही आणि पंख्यालाही. करवतीची साखळी बर्फात सगळ्या उंचीवर सारखीच रुतते, त्यामुळे तिचा तोटा एकेरी आहे. मात्र दीडपट राखीव ताकदीचे इंजिन हातात धरून काम करणे माणसाला झेपत नाही, म्हणून विमानाचा उपाय करवतीला जसाच्या तसा लावता येत नाही.

आता बॅटरीची बाजू. तिच्या विरोधात दोन गोष्टी आहेत आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिली थंडी. शून्याखाली लिथियम बॅटरीची उपयोगी क्षमता घटते, आणि गोठलेल्या अवस्थेत चार्ज केल्यास आत धातुरूप लिथियम साचून तिचे कायमचे नुकसान होते. बॅटऱ्या अंगाशी, जॅकेटच्या आत ठेवाव्यात आणि तंबूत ऊब आल्यावरच चार्जरला लावाव्यात.

दुसरी गोष्ट वजनाची. 36 व्होल्ट आणि 5 अँपिअर-तासांच्या बॅटरीत 180 वॉट-तास असतात, म्हणजे जोरात कापताना आठ-दहा मिनिटांचे काम. एक लिटर पेट्रोलमधून टू-स्ट्रोक इंजिन, त्याची सगळी उधळपट्टी धरूनही, सुमारे दीड किलोवॉट-तास काम काढते. तेवढ्यासाठी आठ-नऊ बॅटऱ्या, म्हणजे दहा किलोंहून अधिक ओझे न्यावे लागेल, तर पेट्रोलचे वजन पाऊण किलो. जिथे सामान पाठीवरून किंवा हेलिकॉप्टरने चढवायचे आहे, तिथे हा फरक निर्णायक ठरतो.

जनरेटरवर चालणारी विजेची करवत हा मधला मार्ग वाटतो, पण जनरेटरलाही तोच कार्बुरेटर असतो. उंचीचा जेट, म्हणजे पेट्रोल कमी सोडणारी बारीक तोटी, बसवल्याशिवाय तोही दम टाकतो, शिवाय केबल सांभाळावी लागते. एकाच जागी मुक्काम असेल तरच हा पर्याय विचारात घ्यावा.

हिमस्खलनाखालून माणूस काढायचा असेल, तर मात्र माझे मत निःसंदिग्धपणे विजेच्या बाजूने आहे. 3 फेब्रुवारी 2016 रोजी सियाचीनमध्ये 19,600 फुटांवरच्या सोनम चौकीवर बर्फाची भिंत कोसळून दहा जवान गाडले गेले, त्यांत सातारा जिल्ह्यातील एक जवान होता. त्या शोधकार्यासाठी खडक फोडण्याची यंत्रे आणि विजेच्या करवती वर पोहोचवण्यात आल्या. सहाव्या दिवशी लान्स नायक हणमंतप्पा कोप्पड जिवंत सापडले, पण 11 फेब्रुवारीला दिल्लीत त्यांचे निधन झाले. बर्फात खोल खणलेल्या खड्ड्यात गर्द मिश्रणावर चालणारे पेट्रोल इंजिन कार्बन मोनॉक्साइड ओकत राहते. आधीच निम्म्या प्राणवायूवर जगणाऱ्या बचावकर्त्यांना आणि खाली अडकलेल्याला तो वायू घातक ठरतो. शिवाय पेट्रोल इंजिन सुरू करण्यासाठी दोरी पंधरा-वीस वेळा ओढणे हे त्या उंचीवर माणसाचीच बॅटरी उतरवणारे काम आहे.

म्हणून दिवसातले प्रत्यक्ष कापणे अर्ध्या-पाऊण तासाच्या आत असेल, किंवा काम खड्ड्यात अथवा बंदिस्त जागी असेल, तर बॅटरीची करवत आणि चार-पाच बॅटऱ्या घ्याव्यात. रोज कित्येक तास उघड्यावर कापायचे असेल, तर स्वयंचलित मिश्रणाची पेट्रोल करवत घ्यावी. स्क्रूने जुळवायची करवत फक्त त्यानेच घ्यावी, ज्याला टॅकोमीटर, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्या मोजणारे यंत्र, लावून ती जुळवता येते.

वाहतुकीचा विचारही आधीच करावा. 160 वॉट-तासांवरील बॅटरी प्रवासी विमानाच्या सामानात नेता येत नाही आणि पेट्रोल भरलेली करवतही चालत नाही, त्यामुळे दोन्ही प्रकारांची करवत रस्त्याने लेहला पाठवणे सोयीचे ठरते. परतीच्या वाटेवर, लेहपेक्षा खाली उतरून पहिले लाकूड कापण्याआधी, आवळलेला स्क्रू मूळ जागी आणून ठेवावा. वरचे विरळ केलेले मिश्रण खाली वापरले, तर पेट्रोलबरोबर मिसळलेले तेलही कमी पडते आणि पिस्टन सिलिंडरला चिकटतो.