मंद हेडलाइट: आधी अर्थिंग की रिले?
धुळे-जळगाव रस्त्यावर रात्री जुन्या मारुती ८००चे दिवे पिवळट पडू लागले की अनेक जण थेट रिले (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा विजेवर चालणारा स्विच) बसवून घेतात. माझ्या मते आधी अर्थिंग, म्हणजे दिव्यापासून गाडीच्या बॉडीमार्गे बॅटरीच्या ऋण टोकाकडे परत जाणारी जोडणी, तपासावे. दिवे चालू ठेवून मल्टिमीटरचे एक टोक बल्बच्या अर्थ-पिनला आणि दुसरे बॅटरीच्या ऋण टोकाला लावल्यावर ०.२ व्होल्टहून बरेच अधिक दिसले, तर दोष अर्थिंगमध्येच आहे. माझ्या गाडीत अर्थिंगच्या बोल्टखाली तारेच्या तांब्याच्या टोकावर हिरवट थर साचला होता. पॉलिश पेपरने घासताच उजेड पांढरा झाला. रिलेमुळे दिव्यांचा प्रवाह जुन्या स्विचमधून न जाता फ्यूजमार्गे जाड तारेने थेट बॅटरीकडून येतो. अर्थिंग चांगले असूनही स्विच गरम लागत असेल, तर मात्र रिलेच बसवावा.