‘डेव्हिल्स ड्यू’ की ‘रोझमेरीज बेबी’: शनिवारी रात्री कोणता लावावा?

परवा नागपूरच्या सदरहून मावसभावाचा फोन आला. “ताई, शनिवारी आम्ही दोघं घरीच आहोत. ‘डेव्हिल्स ड्यू’ लावू की ‘रोझमेरीज बेबी’? सांग ना वं.” फोनवर दोन वाक्यांत उत्तर दिलं, पण मन भरलं नाही, म्हणून या दोन इंग्रजी भयपटांबद्दल हे लिहिते आहे.

गोष्टीचं बीज दोन्हीकडे एकच. नवं जोडपं, बाईला दिवस जातात, आणि पोटात वाढणारं बाळ नवऱ्याचं नाहीच अशी शंका घर करते. सांगण्याची तऱ्हा मात्र पार वेगळी आहे.

२०१४चा ‘डेव्हिल्स ड्यू’ दीड तासाचा आहे. मॅट बेटिनेली-ओल्पिन आणि टायलर जिलेट या जोडीने तो फाउंड फुटेज पद्धतीने केला, म्हणजे सगळं पात्रांच्याच कॅमेऱ्यांनी टिपल्यासारखं दिसतं. नवरा हौसेने सगळं टिपत असतो: लग्न, डॉमिनिकन रिपब्लिकमधला हनिमून, टॅक्सीवाल्याने नेलेली पार्टी. त्या रात्रीचं पुढचं मात्र दोघांनाही आठवत नाही. नंतर त्यांच्या घरात परक्यांनी लपवलेले कॅमेरे येतात आणि तिथे सिनेमा खरा घाबरवतो. कॅमेरा हलत नाही, घर शांत असतं आणि आपण खोलीचा एकेक कोपरा न्याहाळत बसतो. प्रदर्शनाच्या वेळी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर बाबागाडीत यांत्रिक सैतानी बाळ ठेवून लोकांना दचकवलं होतं, तो व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. सिनेमाचा जीवही त्याच दचकवण्यात आहे. जिवावर बेतलं तरी नवरा कॅमेरा खाली का ठेवत नाही, हे शेवटी शेवटी फार खटकतं. त्याहून मोठी उणीव म्हणजे त्याच्या बायकोला, सॅमंथाला, आतून काय होतंय ते कळतच नाही. तिच्याकडे सगळे नुसते बघत राहतात, आपणही.

डोहाळ्यांचा प्रसंग दोन्हींत आहे. आपल्याकडे डोहाळे म्हणजे कौतुकाची गोष्ट, आंबटचिंबट खाणं, हिरवी साडी, फुलांची वाडी. इथे शाकाहारी सॅमंथा सुपरमार्केटमध्ये कच्चं मांस खाते. किळस येते आणि प्रसंग संपतो. रोझमेरीही आपल्या स्वयंपाकघरात कच्चं मांस खाते, पण खाता खाता चकचकीत टोस्टरमध्ये तिला स्वतःचाच चेहरा दिसतो. त्या एका क्षणात तिची भीती आपली होते.

‘रोझमेरीज बेबी’ १९६८चा, आयरा लेव्हिनच्या कादंबरीवर रोमन पोलान्स्कीने केलेला, सव्वादोन तासांचा. रक्त जवळजवळ नाहीच. म्हातारी शेजारीण रोज मायेने एक पेला आणून देते आणि समोर उभी राहून प्यायला लावते. ती भूमिका करणाऱ्या रूथ गॉर्डनला ऑस्कर मिळालं. रोझमेरीचं पोट सतत दुखत राहतं. डॉक्टर म्हणतो, थांबेल. पुस्तकं वाचू नकोस, मैत्रिणींचं ऐकू नकोस. माझ्या पहिल्या खेपेला मे महिना होता, पारा पंचेचाळीसच्या वर, पाय सुजलेले, डोकं ठणकत होतं. दवाखान्यात सांगितलं तर “पहिलटकरणीला असंच वाटतं” म्हणून परत पाठवलं. दोन दिवसांनी रक्तदाब भलताच वाढलेला निघाला आणि सगळ्यांची धावपळ झाली. त्यामुळे टेलिफोन बूथमध्ये उभी राहून दुसऱ्या डॉक्टरची विनवणी करणारी रोझमेरी दिसली की आजही माझा घसा दाटतो.

चार मित्र जमणार असतील, गप्पा मारत पाहायचं असेल, तर ‘डेव्हिल्स ड्यू’ पुरे. फक्त तो नागपूरच्या उन्हाळ्यात लावू नका. त्यातली भीती बारीक आवाजांत आहे, आणि कूलरच्या घरघरीत ती खुडबुड ऐकूच येत नाही. डिसेंबरच्या थंडीत, पंखासुद्धा बंद असताना, तोच सिनेमा दुप्पट अंगावर येतो. दोघंच असाल आणि मोबाइल बाजूला ठेवून सव्वादोन तास बसायची तयारी असेल, तर ‘रोझमेरी’च. मावसभावाला मी तोच सांगितला. दोन्ही पाहायचे असतील तर नवा आधी पाहा. जुन्यानंतर तो फिका पडतो.

घरात कुणाला दिवस गेले असतील, तर दोन्ही राहू द्या. दुसऱ्या खेपेला सहाव्या महिन्यात मी ‘रोझमेरी’ लावला आणि तो पेला आला तिथेच बंद केला. उरलेला पाहिला तेव्हा माझी लेक वर्षाची झाली होती.