फॉर्मवर ‘मराठी’च लिहा: बे एरियातल्या एका एन्रोलमेंट ऑफिसचा अनुभव

आम्ही ऑगस्ट 2024 मध्ये साताऱ्याहून कॅलिफोर्नियात आलो. लेक सात वर्षांची, दुसरीत जाणारी, आणि शाळा सुरू व्हायला नऊ दिवस उरलेले. तेव्हापासून आमच्या स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे इथल्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या, एन्रोलमेंट ऑफिसात (मुलांची नावं घालतात ते ऑफिस) माझ्या चार खेपा झाल्या. आता आमच्या अपार्टमेंटमध्ये दर दोन-तीन महिन्यांनी एखादं नवीन मराठी बिऱ्हाड येतं आणि सगळ्यांचे प्रश्न तेच असतात, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी जे पटलं नाही ते. शाळा सुरू होण्याच्या दिवसांत तिथला फोन लागत नाही. मी दोन दिवस लावत होते. वेबसाइटवर माहिती सगळी आहे, पण कागदपत्रं एका पानावर, लसी दुसऱ्या पानावर, पत्त्यावरून शाळा शोधायची सोय तिसरीकडेच. नव्या माणसाला कुठून सुरुवात करायची ते कळत नाही. ऑनलाइन फॉर्म भरून झाल्यावर कागद दाखवायला जावंच लागतं, हेही आम्हाला तिथे गेल्यावरच समजलं.

पण एकदा काउंटरसमोर बसलात की चित्र वेगळं. न कंटाळता, कागद पुढ्यात ठेवून, एकेक ओळीवर बोट ठेवून समजावतात. घाई करत नाहीत. आपण चुकलो तर आवाज चढत नाही.

पहिल्या खेपेला आम्ही परत आलो ते पत्त्यामुळे. कंपनीने महिनाभरासाठी दिलेल्या घराचं पत्र चालत नाही. लीज, म्हणजे घराचा भाडेकरार लागतो आणि सोबत विजेच्या जोडणीचं वगैरे पत्र. कुणा नातेवाइकाकडे राहत असाल तर त्यासाठी वेगळं प्रतिज्ञापत्र आहे, ते मागून घ्या. व्हिसा मात्र कुणी मागितला नाही, सोशल सिक्युरिटी नंबरही नाही. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने 1982 मध्ये ‘प्लायलर विरुद्ध डो’ खटल्यात निकाल दिला आहे की, इमिग्रेशनच्या कारणावरून सरकारी शाळेला मूल नाकारता येत नाही. आमच्या ओळखीतल्या एका ताईंनी याच धास्तीने मुलाला तीन आठवडे घरी ठेवलं होतं. तसं करू नका.

दुसरी खेप लसींसाठी. इथे तिथल्या नर्सबाईंचे उपकार मानावे तेवढे थोडे. आपल्या कार्डावर 04/09 लिहिलेलं म्हणजे 4 सप्टेंबर, पण इथे ते 9 एप्रिल वाचतात. त्यांना ते माहीत होतं. प्रत्येक तारखेला थांबून त्या महिन्याचं नाव मला विचारत होत्या आणि पेन्सिलने बाजूला लिहीत होत्या. तुम्ही निघण्याआधीच डॉक्टरांकडून महिन्याचं नाव अक्षरात लिहून घ्या. दुसरं, सरकारी कार्डावर एमआर असतं, म्हणजे गोवर आणि रुबेला. इथे एमएमआर लागतं, त्यात गालगुंडही येतो. कांजिण्यांचे दोन डोसही हवेत, ते आपल्या सरकारी लसीकरणात नाहीत. आणि पोलिओ! एप्रिल 2016 नंतर तोंडावाटे दिलेले थेंब इथे हिशेबात धरत नाहीत, कारण तेव्हापासून त्या थेंबांतून पोलिओचा एक प्रकार वगळला आहे. बूथवर रांगा लावून पाजलेले डोस मोजले जात नाहीत हे ऐकून मला फार वाईट वाटलं होतं. कारण कळल्यावर पटलं. ‘आमचा विश्वास नाही’ म्हणून लस टाळायची सवलत कॅलिफोर्नियात 2016 पासून बंद आहे.

आता ज्यासाठी मुख्यतः लिहायला बसले ते. पहिल्यांदा नाव घालताना घरच्या भाषेचा फॉर्म असतो. चारच प्रश्न: मूल बोलायला लागलं ते कोणत्या भाषेत, घरी जास्त कोणती बोलतं, तुम्ही त्याच्याशी कोणती बोलता, घरातली मोठी माणसं कोणती बोलतात. नवऱ्याने चारही ठिकाणी ‘इंग्लिश’ निवडलं होतं. त्याला दोघा-तिघांनी बजावलं होतं की, मराठी लिहिलंस तर पोरीला वेगळ्या वर्गात बसवतील, शिक्का बसेल.

काउंटरवरच्या बाई फॉर्म वाचत होत्या तेवढ्यात लेक माझ्या कानाशी आली आणि म्हणाली, “आई, शू लागलीये गं.” बाईंनी मान वर केली. फॉर्म माझ्याकडे वळवला आणि विचारलं, ही आत्ता बोलली ती कोणती भाषा? मी म्हटलं, मराठी. त्या म्हणाल्या, मग इथे तेच असायला हवं, परीक्षा व्हायच्या आत दुरुस्त करता येतं. त्यांनी यादी खाली सरकवली. मँडरिन आणि मार्शलीज यांच्या मधोमध ‘मराठी’ होतं. परक्या देशातल्या सरकारी यादीत आपली भाषा दिसली आणि मला भरून आलं.

पुढे काय होतं ते नीट सांगते. नाव घातल्यापासून तीस दिवसांच्या आत ‘एल्पॅक’ नावाची इंग्रजीची परीक्षा होते. लहान मुलांची एकट्याची, समोर एक शिक्षिका. लेकीला चित्रं दाखवत गोष्ट ऐकवली आणि तीच परत सांगायला लावली. तिला गोष्ट सगळी समजली होती, पण सांगताना शब्द अडले. निकाल ‘इंग्लिश लर्नर’, म्हणजे अजून इंग्रजी शिकणारी, असा आला. नवरा दोन दिवस गप्प होता.

वर्ग वेगळा मिळाला नाही. सगळ्यांबरोबर तोच वर्ग, त्याच बाई, फक्त रोज अर्धा तास चार-पाच मुलांना घेऊन इंग्रजी बोलायचा सराव. साताऱ्यात ती इंग्रजी माध्यमातच होती, वाचायची छान. पण वर्गात ‘रबर’ मागितलं तर कुणाला कळेना (इथे त्याला ‘इरेझर’ म्हणतात), आणि त्यानंतर तिने मागणंच सोडलं होतं. त्या अर्ध्या तासाने तिचं तोंड उघडलं. ‘इंग्लिश’ लिहिलं असतं तर हा अर्धा तास मिळाला नसता आणि बाईंना वाटलं असतं, पोरगी लाजाळू आहे. शिवाय अशा मुलांमागे राज्य सरकार डिस्ट्रिक्टला मूळ अनुदानाच्या 20 टक्के जादा देतं, म्हणजे खरं लिहिल्याने शाळेचंही नुकसान नाही. वसंतात पुन्हा झालेल्या एल्पॅकमध्ये तिला चौथी, म्हणजे सगळ्यात वरची पातळी मिळाली. शिक्षिकेचं मत घेतलं, आम्हालाही बोलावून विचारलं आणि तिसरीत गेल्यावर ‘इंग्लिश लर्नर’ हा शिक्का निघालासुद्धा.

घर शोधताना एक लक्षात ठेवा. जाहिरातीत शाळेपुढे दहापैकी अमुक असा आकडा असतो, त्यावर घर घेऊ नका. आम्हाला एका एजंटने नऊवाली शाळा सांगितली, आणि डिस्ट्रिक्टच्या शोधात आमचा पत्ता टाकल्यावर दुसरीच निघाली. हद्द रस्त्याच्या मधून जाते. आपल्या शाळेत जागा नसेल तर दुसरीकडेही पाठवतात. लीजवर सही करण्याआधी पत्ता टाकून बघा, आणि तिथे जागा आहे का ते ऑफिसात जाऊन विचारा. डब्याची चिंता नको, 2022 पासून कॅलिफोर्नियाच्या सरकारी शाळांत नाश्ता आणि जेवण सगळ्या मुलांना फुकट आहे, शाकाहारी मुलांना चीज पिझ्झा किंवा बीन बरिटो मिळतो. आमची तरी पोळीभाजीच नेते.

खालच्या मजल्यावर आता कोल्हापूरचं एक घर आलंय, मुलगा पाच वर्षांचा. 1 सप्टेंबरच्या आत पाच पूर्ण झाली, म्हणून किंडरगार्टनला, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गाला, बसतो. गुरुवारी सकाळी मी त्याच्या आईबरोबर ऑफिसात जाणार आहे. लीज, लसींचं कार्ड, जन्माचा दाखला पिशवीत भरून ठेवलाय, आणि फॉर्मवर चारही ठिकाणी तिने मराठीच लिहिलंय.