मुख्याध्यापकांचं सहा शनिवारांचं प्रशिक्षण: पैसे वसूल, पण दोन शनिवार पाण्यात

संस्थेचं नाव लिहीत नाही. पुढे कुरकुर बरीच आहे आणि त्यांची मंडळी अजून आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आहेत.

मी लालबागच्या एका अनुदानित मराठी शाळेची मुख्याध्यापिका. २४ वर्षं गणित-विज्ञान शिकवलं. एका ३१ मेला आमच्या मोठ्या बाई निवृत्त झाल्या आणि १ जूनला सेवाज्येष्ठतेने खुर्ची माझ्याकडे आली. किल्ल्यांचा जुडगा मिळाला, शालार्थचा, म्हणजे पगाराच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीचा, पासवर्ड मिळाला. पण मुख्याध्यापकाने नेमकं करायचं काय, हे कुणी सांगितलं नाही. पगारबिलं, संचमान्यता (शिक्षकांच्या पदांची मंजुरी), यू-डायस (सरकारला भरून द्यायची शाळेची माहिती) आणि गच्चीवरची गळकी टाकी यांत तीन वर्षं निघून गेली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकांप्रमाणे मुख्याध्यापकांनीही वर्षाला ५० तास प्रशिक्षण घ्यावं असं म्हटलंय. मोबाईलवर व्हिडिओ लावून ठेवायचा आणि शेजारी बसून पेपर तपासायचे, अशा पद्धतीने तास भरणाऱ्यांतली मीही एक. त्यामुळे स्वतःच्या खिशातले ५,५०० रुपये भरून दादरला या प्रशिक्षणाला जाते म्हटल्यावर घरी ऐकावं लागलं, "निवृत्तीला चार वर्षं राहिली, आता कशाला?"

वेळ बरी होती. शनिवारची सकाळची शाळा उरकून दुपारी दीड ते साडेपाच. येताना पाठनिरीक्षणाचं लॉगबुक, म्हणजे शिक्षकांचे तास बघून शेरे लिहायची वही, घेऊन या, असा निरोप होता. मला वाटलं, तपासणार असतील.

तपासलं नाही. शिक्षकांची नावं कागदाने झाकायला लावली आणि खालचा शेरा वाचून तो कोणत्या शिक्षकाबद्दल आहे, ते ओळखायला सांगितलं. माझं लॉगबुक, माझंच अक्षर. "फलकलेखन सुवाच्य. आवाज स्पष्ट. शैक्षणिक साहित्याचा वापर करावा." पुढचं पान उलटलं तर तेच, त्याच्या पुढचं उलटलं तरी तेच. तीन वर्षांत सतरा शिक्षकांचे पाठ बघितले आणि एकही शेरा माणसाला चिकटेना. शेजारी भांडुपचे एक सर होते, त्यांचे शेरेही माझ्यासारखेच. दोघंही हसलो खरे, पण परतीच्या गाडीत मला हसू आलं नाही.

मग गृहपाठ दिला. वर्गात शेवटच्या बाकावर वीस मिनिटं बसायचं. शेरा लिहायचा नाही. पानावर उभी रेघ मारायची. डावीकडे शिक्षक काय बोलले, उजवीकडे मुलं काय बोलली, जसंच्या तसं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती थांबतात तेही मोजायचं. मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात हेच मोजलं होतं. शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतात. तेच तीन सेकंद थांबले तर जास्त मुलं बोलतात आणि उत्तरंही लांबतात.

मी सहावीत गणिताच्या तासाला बसले. आमच्या गणिताच्या बाई हुशार, टाचण कायम पूर्ण, माझ्या लॉगबुकात त्या "उत्तम". वीस मिनिटांत डावा रकाना भरून मागच्या पानावर गेला. उजवीकडे सगळी मिळून अकरा वाक्यं, त्यातली सात "हो बाई". एक छेद दोन अधिक एक छेद तीन किती, असं त्यांनी विचारलं. खिडकीजवळचा एक मुलगा म्हणाला, "दोन छेद पाच." बाईंनी लगेच "कोण सांगेल बरोबर?" म्हणून पुढच्या बाकावर उडी घेतली. माझ्या घड्याळाचा काटा जेमतेम हलला होता.

मधल्या सुट्टीत चहा मागवला आणि शिकवल्याप्रमाणे एवढंच विचारलं, "त्याने दोन छेद पाच का म्हटलं असेल?" बाई म्हणाल्या, "अहो बाई, मला ते ऐकूच आलं नाही." मग स्वतःच म्हणाल्या, "वरचे वर मिळवले, खालचे खाली. मग अर्ध्या भाकरीत आणखी भाकरी घातली आणि अर्ध्याहून कमी झाली, असं होतं की!" दुसऱ्या दिवशी त्यांनी हाच प्रश्न फळ्यावर लिहिला आणि दोन छेद पाच मान्य असणाऱ्यांना हात वर करायला सांगितलं. बावन्नपैकी एकोणीस हात. तो मुलगा एकटा नव्हताच. एवढ्यासाठी मी पुन्हा ५,५०० भरीन.

आता कुरकुर. तिसरा आणि चौथा शनिवार "शालेय संस्कृती" या विषयाला. फुगे, चिकटपट्ट्या, कार्डशीटवर शाळेचं स्वप्न लिहा वगैरे. शाळेची संस्कृती बघायची तर स्टाफरूमला या. पंख्याखालची खुर्ची कुणाची, नव्या सरांना बदली तास कोण ढकलतं आणि "माझा ऑफ तास" म्हणताना आवाज कुठे चढतो, ते ऐका. व्हिडिओ सगळे परदेशी, वर्गात अठरा मुलं, खाली गालिचा. स्लाइड इंग्रजीत, समजतं हो, पण वाद घालायला आपली भाषा लागते. शिक्षकांनी एकमेकांचे तास बघावेत ही कल्पना मला पटली. माझ्याकडे तीन पदं रिकामी आहेत आणि दोघं निवडणुकीच्या कामावर, तर हा तास काढू कुठून, असं विचारलं. "प्रायॉरिटाइज करा मॅडम," असं उत्तर मिळालं. प्रशिक्षक तरुण होते, मुलासारखे, म्हणून गप्प बसले. तास मग मीच काढला: आठवड्यातून एकदा सहावीला मी शिकवते आणि गणिताच्या बाई मराठीच्या तासाला मागे जाऊन बसतात. मराठीच्या बाईंना आधी ते आवडलं नव्हतं. अजूनही फारसं आवडत नाही.

शाळेत दोनदा येऊन बघू म्हणाले होते, आले एकदाच, तेही पाऊण तास उशिरा. चहा चांगला, समोसा गार. प्रमाणपत्रावर माझं आडनाव चुकलंय, दुरुस्त करून अजून आलेलं नाही.

नवीन मुख्याध्यापकांनी जरूर जावं. पहिला, दुसरा आणि पाचवा शनिवार चुकवू नका. पाचव्यात पालकसभेतल्या भांडणावर जे करून घेतात त्यावर वेगळं लिहीन. लॉगबुक मागतील तेव्हा खरं न्या, नवं करकरीत भरून नेऊ नका. आमच्यातल्या एकांनी नेलं होतं, शाई ओली दिसत होती.