चुन्याच्या निवळीतून समान आयन परिणाम : एका प्रयोगसंचाचे परीक्षण

बारावीच्या आयनिक समतोलाच्या प्रकरणातील समान आयन परिणाम (द्रावणात पदार्थाचाच एखादा आयन, म्हणजे भारित कण, आधीपासून असेल तर तो पदार्थ कमी विरघळणे) विद्यार्थी गणितापुरता शिकतात आणि परीक्षेनंतर विसरतात, हे अनेक वर्षे पाहत आल्यामुळे, तो प्रत्यक्ष मोजू देणारा संच दिसताच मी मागवला. ८५० रुपयांच्या पेटीत कॅल्शियम हायड्रॉक्साइड, कॅल्शियम क्लोराइड, ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल, फिनॉल्फ्थॅलिन, गाळणकागद आणि ब्युरेट एवढे साहित्य आहे.

प्रयोगाची निवड उत्तम आहे. मिठाच्या संतृप्त द्रावणात संहत हायड्रोक्लोरिक आम्ल घालून मिठाचे स्फटिक पाडण्याचे प्रात्यक्षिक देखणे असले, तरी त्यात आम्लाच्या वाफांचा त्रास होतो आणि आकडा काही हाती लागत नाही. येथे मात्र चुन्याची संतृप्त निवळी एकदा ऊर्ध्वपातित पाण्यात आणि एकदा ०.१ मोलर कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात तयार करून दोन्हींचे अनुमापन करायचे, म्हणजे त्यांतील विरघळलेला चुना उदासीन करायला किती आम्ल लागते ते ब्युरेट या खुणांच्या नळीने मोजायचे असते. २५ मिलिलिटर निवळीला मला पहिल्या वेळी १०.८ मिलिलिटर आम्ल लागले, तर दुसऱ्या वेळी ६.२. आधीच असलेल्या कॅल्शियम आयनांमुळे चुना किती कमी विरघळला, हे ब्युरेटवर वाचताना मुलांचे चेहरे खुलले.

उणीव आहे ती संचासोबतच्या पुस्तिकेत. पहिल्या वाचनावरून विद्राव्यता गुणाकार (संतृप्त द्रावणातील आयनांच्या संहतींचा ठरावीक गुणाकार) काढून साधे गणित केले, तर दुसरे वाचन ४.८ मिलिलिटरच्या आसपास यायला हवे. पुस्तिका हे गणित देऊन थांबते, त्यामुळे प्रामाणिकपणे ६.२ लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला आपलेच चुकले असे वाटते. वस्तुतः द्रावणातील एकूण आयन वाढले की प्रत्येक आयनाभोवती विरुद्ध भाराच्या आयनांचा वेढा दाट होतो, त्याची सक्रियता (प्रभावी संहती) घटते आणि चुना त्या गणितापेक्षा अधिक विरघळतो. समान आयनाचा परिणाम त्याहून मोठा असल्याने विद्राव्यता एकंदरीत कमीच होते, परंतु ही ओढाताण हाच या प्रयोगातील सर्वांत मोलाचा भाग आहे आणि नेमका तोच गाळला आहे.

निवळी संतृप्त होण्यासाठी पुस्तिकेत सांगितलेला अर्धा तासही मला अपुरा वाटला. मी दोन्ही बाटल्या अधूनमधून हलवत रात्रभर घट्ट बंद ठेवल्या. उघड्या निवळीवर हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे कार्बोनेटची साय धरते आणि वाचन कमी येते, म्हणून गाळून झाल्यावर लगेच अनुमापन करावे. शिक्षक सोबत असतील तर हा संच अवश्य घ्यावा. एकट्या विद्यार्थ्याने मात्र पुस्तिकेची सुधारित आवृत्ती येईपर्यंत थांबावे.